तीनचाकीची साखळी

मित्रांनो, मी एक जुनी तीनचाकी आहे. हाताने चालवायची. माझ्या एका चाकाला जरा बाक आला आहे, गादीतून काथ्या बाहेर डोकावतो, आणि माझा मूळचा निळा रंग आता फक्त सीटच्या खालच्या अंगाला उरला आहे. तोही कुणी वाकून पाहिलं तरच दिसतो. घंटी मात्र अजून खणखणीत वाजते. हे आधीच सांगून ठेवते, कारण म्हातारपणी माणसांना आपल्या शाबूत दातांचं जेवढं कौतुक असतं, तेवढंच मला माझ्या घंटीचं आहे.

हल्ली मी सुरतेजवळ कडोदऱ्याला हायवेलगतच्या एका महिला मदत केंद्राच्या दारात उभी असते. इथवर मी कशी आले, त्याची ही हकिगत. मध्ये थोडं वाईट वाटेल. पण मी रडकी नाही, तेव्हा घाबरू नका.

माझा जन्म सुरतेतला, कतारगामच्या एका वेल्डिंगच्या शेडमधला. शेजारच्या कारखान्यात हिरे घासायचे आणि आमच्याकडे लोखंड. त्यामुळे आमच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. एकाच आठवड्यात आम्ही चाळीस बहिणी तयार झालो. सुकदेव नावाचा कारागीर होता, तो शेवटी प्रत्येकीला साखळी चढवायचा. तुमच्यापैकी ज्यांनी तीनचाकी जवळून पाहिली नसेल त्यांना सांगते. माझं पेडल पायाशी नसतं, छातीसमोर असतं. ते हाताने फिरवायचं. पेडल आणि चाक यांना जोडते ती साखळी. साखळी नसली तर हात कितीही फिरवा, मी जागची हलत नाही. मग मागून कुणीतरी ढकलावं लागतं. सुकदेव साखळी ओढून बघायचा आणि म्हणायचा, "हिला जप बरं का. तुझं सगळं हिच्यावर आहे."

पुढे गाड्या वाटण्याच्या एका शिबिरात आम्हा चाळीस जणींना झेंडूच्या माळा घालून रांगेत उभं केलं. भाषणं सुरू झाली ती संपेचनात. तेवढ्यात वीस-एकवीस वर्षांची एक मुलगी दोन्ही हातांवर सरकत सरकत माझ्यापाशी आली आणि कुणाला न विचारता वर चढून बसली. तिने घंटी वाजवून पाहिली. आवडली. परत वाजवली. व्यासपीठावरचे पाहुणे बोलता बोलता थांबले. मग पुन्हा बोलायला लागले, तर हिने पुन्हा वाजवली! शेवटी त्यांनी हसून भाषण आवरलं, आणि मांडवातल्या सगळ्यांनी मनातल्या मनात तिचे आभार मानले. ती उज्ज्वला. त्या दिवसापासून मी तिची झाले.

उज्ज्वलाचे आईवडील खानदेशातले, शिंदखेड्याकडचे. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कामासाठी सुरतेत आलेले. ती दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. मी येईपर्यंत तिचं जग म्हणजे घराचा ओटा. मी आले आणि तिने आठ दिवसांत कडोदऱ्याची एकूण एक गल्ली पालथी घातली. ती साड्यांना लेस लावायची, टिकल्या चिकटवायची. दुकानातून साड्यांचा गठ्ठा आणायचा आणि काम करून परत पोचवायचा. तो माझ्या मागच्या जाळीत बसायचा. भाजीवाल्याशी ती माझ्यावर बसूनच घासाघीस करायची. साड्यांचा टेम्पो चालवणारा महेश हॉर्न वाजवायचा तेव्हा आम्ही घंटी वाजवून त्याला उत्तर द्यायचो. काय दिवस होते ते! माझ्या चाकांना चिखल असायचा आणि उज्ज्वलाच्या तोंडात गाणं.

मग तिचं लग्न झालं. नवरा वाल्मिक, तोही खानदेशातला, लूमवर कामाला. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला तो चांगला वागला. दर रविवारी मला तेल घालायचा. नंतर हळूहळू त्याला तिचं बाहेर फिरणं खुपायला लागलं. "लोक हसतात मला," म्हणायचा. कोण हसत होतं ते मला कधी दिसलं नाही, आणि मी तर दिवसभर रस्त्यावरच असायचे. एका संध्याकाळी दुकानातून यायला जरा उशीर झाला, तेव्हा त्याने तिच्या तोंडात मारली. पुढच्या वेळी उशीर झाला नव्हता, तरी मारली. मारायला कारण लागतंच असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि एका सकाळी त्याने माझी साखळी काढली. कागदात गुंडाळली, डब्याच्या पिशवीत टाकली आणि बारा तासांच्या पाळीला निघून गेला. उज्ज्वला माझ्यावर बसली, हात फिरवला, आणि पेडल नुसतंच गरगर फिरलं. तिने खाली वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उतरून सरकत सरकत घरात गेली.

मित्रांनो, घराला कुलूप नव्हतं. दार सताड उघडं होतं. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटायचं, बाई आरामात बसली आहे आणि तिची गाडी दारात उभी आहे. रोज सकाळी साखळी पिशवीत जायची. रात्री त्याची मर्जी असली तर परत यायची, नाहीतर नाही. मला इतकी लाज वाटायची की काय सांगू. मी असूनही नसल्यासारखी होते.

आमच्या शेजारी धुरपदाबाई राहायच्या. वय पासष्ट, आवाज लूमच्या खडखडाटातही ऐकू जाईल असा, आणि बोलणं पक्कं अहिराणी. त्यांना भिंतीपलीकडून मारण्याचा आवाज यायचा. साखळीचं मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. एक दिवस त्यांनी शेजारच्या मुलीकडून मदतीच्या नंबरवर फोन लावून घेतला आणि एवढ्या मोठ्याने तक्रार सांगितली, की फोन नसता तरी चाललं असतं.

केंद्राने नवरा-बायको दोघांना बोलावलं. केंद्र तेव्हा पहिल्या मजल्यावर होतं. अठरा पायऱ्या. मी खाली उभी राहून मोजल्या आहेत. वाल्मिक मला ढकलत तिथवर घेऊन आला. मग त्याने उज्ज्वलाला पाठीवर घेतलं आणि एक एक पायरी चढून वर नेलं. खालचा चहावाला कौतुकाने म्हणाला, "केटलो सारो माणस छे!" किती भला माणूस, म्हणे. वरूनही कुणीतरी "वा, वा" केलं. मी मनात म्हटलं, संपलं. आता हिचं कोण ऐकणार?

वर काय झालं ते मला नंतर कळलं. केंद्रातल्या ताईंनी विचारलं, "काय त्रास आहे?" वाल्मिक शेजारीच बसला होता, कारण तिला खुर्चीत सावरून बसवायला कुणीतरी हवं ना! उत्तरंही तोच देत होता. उज्ज्वला म्हणाली, "काही नाही. सगळं बरं आहे." ताईंनी तसं लिहून घेतलं. दहा मिनिटांत दोघं खाली.

पण वाल्मिक तिला माझ्यावर बसवायला वाकला आणि त्याच्या खांद्यावरची पिशवी घसरली. डबा गडगडत गेला, आणि माझी साखळी खळ्ळकन जमिनीवर पडली. त्याच वेळी उज्ज्वलाची वर राहिलेली ओढणी घेऊन एक तरुण ताई जिना उतरत होती. जयश्री तिचं नाव. ती साखळीकडे बघत राहिली.

"सैल झाली होती, म्हणून काढली," वाल्मिक घाईघाईने म्हणाला.

माझी साखळी सैल? साफ खोटं! मला तोंड असतं ना, तर हायवेपलीकडे ऐकू गेलं असतं. जयश्रीने ओढणी उज्ज्वलाच्या हातात दिली. त्याने मला ढकलत नेलं, आणि आम्ही वळणावर दिसेनाशा होईपर्यंत ती तिथेच उभी होती.

चार दिवसांनी, वाल्मिक पाळीला गेल्यावर, जयश्री आमच्या ओट्यावर येऊन बसली. आधी तिने माझ्याकडे पाहिलं, जिथे साखळी असायला हवी तिथे. मग उज्ज्वलाकडे.

"उज्ज्वलाबेन, साखळी कुठे आहे?"

"त्यांच्या पिशवीत."

"रोज?"

उज्ज्वलाने हातातली साडी खाली ठेवली. तिच्या बोटांना टिकल्या चिकटल्या होत्या, त्या ती एकेक करून सोलत बसली. "रोज," ती म्हणाली.

"त्या दिवशी वर आलात तेव्हा का नाही सांगितलंत?"

"जयश्रीबेन, अठरा पायऱ्या होत्या. ज्यांच्या पाठीवर बसून खाली उतरायचं होतं, त्यांच्यासमोर त्यांचंच काय सांगू?"

जयश्रीचा चेहरा खर्रकन उतरला. ती म्हणाली, "चूक आमची आहे. ज्याच्याबद्दल विचारायचं, त्यालाच आम्ही तुम्हाला उचलून आणायला लावलं. आणि वर त्याचं कौतुक केलं."

तेवढ्यात धुरपदाबाई भिंतीआडून बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. "साखळी पिशवीमा?" त्या कडाडल्या. "आन मी समजू, गाडी बिघडेल शे! पोरी, मले काब्र नही सांगं?" मला का नाही सांगितलंस, असं बोलता बोलता त्यांनी पदराने स्वतःचे डोळे पुसले आणि मग त्याच पदराने उज्ज्वलाचे.

जयश्रीने आपल्या पिशवीतून केंद्राचा फॉर्म काढला. त्यात बारा प्रश्न होते. मारहाण करतात का? शिव्या देतात का? उपाशी ठेवतात का? हुंडा मागतात का? साखळी काढून नेतात का, असा प्रश्न कुठेच नव्हता. जयश्रीने पान उलटं-सुलटं करून पाहिलं. मग समासात, उभं-आडवं कसंही, सगळं लिहून काढलं.

"मंगळवारी केंद्रावर या," ती म्हणाली. "एकट्या. वर चढायचं नाही. मी खाली टेबल लावते."

आता तुम्हाला वाटेल, खाली टेबल लावायला काय लागतं? खूप लागतं! केंद्राच्या मुख्य प्रमिलाबाई म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे तशा बायका येतच नाहीत. एकीसाठी खाली कशाला?" जयश्रीने तीन वर्षांचं रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं. उज्ज्वला सोडली तर कुबडीवाली एक नाही, चाकावरची एक नाही, आंधळी एक नाही. "बघ, मी म्हटलं ना," प्रमिलाबाई म्हणाल्या. जयश्री म्हणाली, "बाई, कडोदऱ्यात त्या नाहीत, की जिन्यापाशी येऊन परत जातात?" प्रमिलाबाईंनी रजिस्टर पुन्हा चाळलं. त्या वाईट नव्हत्या हो, फक्त त्यांनी जिना कधी खालून पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनीच जिन्याखालची जागा झाडून घेतली. महेशचा टेम्पो तिथे उभा राहायचा. त्याने टेम्पो हलवला आणि लूमच्या जुन्या फळ्या ठोकून दाराला एक उतरण करून दिली.

इकडे आमच्याकडे दुसरीच गडबड. उज्ज्वलाला एकटीने जायचं तर साखळी हवी. धुरपदाबाई म्हणाल्या, "नवी लयसू," म्हणजे नवीच आणू. सायकलवाल्याला माप हवं होतं. घरात होती ती साडीची लेस. उज्ज्वलाने माझ्या पेडलापासून चाकापर्यंत लेस फिरवली आणि जिथे टोकं जुळली तिथे एक टिकली चिकटवली. धुरपदाबाई ती लेस घेऊन मोठ्या दिमाखात दुकानात गेल्या आणि साखळी घेऊन आल्या. ती लपवली कुठे, सांगा बघू! पिठाच्या डब्यात. "मना पिठना डबामा कोन हात घालस?" असं त्यांचं म्हणणं.

मंगळवार उजाडला. वाल्मिक माझी साखळी घेऊन पाळीला गेला. धुरपदाबाईंनी पिठाने माखलेली नवी साखळी माझ्यावर चढवली. मला शिंका येणार असं वाटत होतं, पण किती महिन्यांनी माझं चाक उज्ज्वलाच्या हाताने फिरत होतं! आम्ही निघालो. आणि हायवेच्या सर्व्हिस रोडवर साखळी खाली पडली. चढवली, पुन्हा पडली. झालं असं होतं, की सायकलवाल्याने लेस ओढून मोजली, आणि लेस ताणली जाते, हे दोघींच्या लक्षातच आलं नव्हतं. आयुष्यभर साड्यांना लेस लावणाऱ्या बाईच्या! साखळी चांगली दोन कड्या लांब झाली होती. शेवटी धुरपदाबाई पदर खोचून मला ढकलायला लागल्या. त्या सायकलवाल्याला, लेसला आणि मध्येमध्ये वाल्मिकला एकाच दमात शिव्या घालत होत्या. उज्ज्वलाला हसू आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आमच्या दारात ती अशी हसलेली मी फार दिवसांत पाहिली नव्हती.

केंद्राच्या दारात फळ्यांची उतरण दिसली तशी उज्ज्वला म्हणाली, "मावशी, आता सोड."

"पडशी व माय."

"पडले तर पडले. सोड."

तिने वाकून साखळी चढवली. हात पिठाने आणि तेलाने काळे-पांढरे झाले. मग दम धरून, एकेक वेढा फिरवत, ती स्वतः वर चढली. मी कुरकुरले, पण साखळी पडू दिली नाही. सुकदेवची आठवण झाली हो मला तेव्हा.

त्या दिवशी टेबलापाशी फक्त उज्ज्वला आणि जयश्री होत्या. धुरपदाबाईंनासुद्धा बाहेर बसवलं. त्या आधी रुसल्या, मग चहा पीत बसल्या. उज्ज्वला दीड तास बोलली. कुणी मध्ये बोललं नाही. शेवटी तिने सही केली तेव्हा कागदावर तिच्या काळ्या अंगठ्याचा डाग पडला. ती ओशाळली. जयश्री म्हणाली, "राहू द्या. हा डागही तक्रारीतच आहे."

पुढच्या मंगळवारी वाल्मिकला बोलावलं. प्रमिलाबाई होत्या, एक महिला पोलीस होत्या, आणि उज्ज्वला माझ्यावर बसलेली. वाल्मिकने आपलं तेच चालवलं. "मी हिला पाठीवर घेऊन अठरा पायऱ्या चढलो. सगळ्यांनी पाहिलंय. विचारा कुणालाही."

प्रमिलाबाई म्हणाल्या, "कुणालाही नाही, आता तिलाच विचारते. उज्ज्वलाबेन?"

माझ्या पेडलावर तिचे हात होते. घाबरली तर? पुन्हा "सगळं बरं आहे" म्हणाली तर? तर आम्ही दोघी जन्मभर त्या ओट्यापाशीच राहणार होतो. तिने घंटीवर बोट ठेवलं. वाजवली नाही, नुसतं ठेवलं.

"मला तुमची पाठ नको," ती म्हणाली. "माझी साखळी द्या."

महिला पोलीस वाल्मिकच्या पिशवीकडे बघत राहिल्या. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि साखळी काढून टेबलावर ठेवली. मारलेलं त्याने तेव्हाही कबूल केलं नाही. पण साखळी टेबलावर होती, ती कशी नाकारणार?

नंतर प्रकरण कोर्टात गेलं. तारखा पडल्या, वेळ लागला. वाल्मिकने तिला हात लावायचा नाही, तिच्या गाडीलाही लावायचा नाही, आणि त्या घरात ती राहील, असा हुकूम झाला. तो जवळच्या चलथाणला भावाकडे गेला. सुधारला की नाही ते मला ठाऊक नाही. आमच्या गल्लीत तो येत नाही, एवढं ठाऊक आहे. जयश्री म्हणाली होती, ती जुनी साखळी केंद्राच्या भिंतीवर लावूया, लोकांना दिसेल. उज्ज्वला म्हणाली, "भिंतीवर कशाला? तिचं काम चाकावर आहे." आणि तिने ती माझ्यावर चढवली. लांब साखळी धुरपदाबाईंनी जपून ठेवली आहे. अजूनही पिठाच्या डब्यात.

त्यानंतर आम्ही दोघींनी काही वर्षं मस्त काढली. मग उज्ज्वलाला बॅटरीवर चालणारी नवी गाडी मिळाली. ती गाडी काही वाईट नाही, पण तिचा हॉर्न बकरी ओरडल्यासारखा आहे, एवढंच मी म्हणेन. मी भिंतीला टेकून राहिले. धुरपदाबाई माझ्यावर कुरडया वाळत घालू लागल्या, आणि एका कोंबडीने तर सीटवर अंडी घातली. मला वाटलं, आपलं संपलं. पण उज्ज्वलाच एक दिवस म्हणाली, "हिला केंद्रावर नेऊया. कुणाला तरी लागेल."

आणि लागते हो! केंद्र आता पूर्णच खाली आलं आहे. मंगळवारी उज्ज्वला तिथे मदतीला येते. खाणाखुणांची भाषा जाणणारी एक बाईही येते. सरस्वती नावाच्या एका बहिऱ्या बाईने तिच्यामार्फतच सांगितलं, की सासरचे तिचा मोबाइल काढून घेतात, म्हणजे ती कुणाशी लिहूनही बोलू शकत नाही. हे समजलं, कारण फॉर्मवर आता तेरावा प्रश्न आहे. चालण्याचं, ऐकण्याचं, बघण्याचं किंवा बोलण्याचं तुमचं साधन कुणी काढून घेतं का? हा प्रश्न समासात नाही, चांगला मोठ्या अक्षरांत छापलेला आहे. पहिल्या वर्षीच त्यावर एकवीस जणींनी खूण केली. "तशा बायका येतच नाहीत," असं आता प्रमिलाबाई म्हणत नाहीत.

मित्रांनो, मी तुमच्याकडे फार काही मागत नाही. कधी तेलाचे दोन थेंब घाला, चाकात हवा भरा, सीटवर कोंबडी बसू देऊ नका. आणि कुणाच्या दारात माझी एखादी बहीण उभी दिसली, तर तिच्या रंगाकडे बघू नका. वाकून बघा, तिला साखळी आहे का. नसली, तर विचारा. पण मागून ढकलणाऱ्याला नका विचारू. वर बसलेलीला विचारा.